वेल्डाची आजची सही

मार्चच्या नऊ तारखेला माझ्या वहीत एवढंच आहे: ‘वेल्डाकडे केस कापले. डावीकडे जास्त गेले. वाटाण्याचं सूप. आर्डनचा गुडघा बरा.’ माझ्या रोजच्या वहीत हवा कशी होती, काय रांधलं आणि कुणासाठी प्रार्थना केली, याहून जास्त काही नसतं. त्या ओळीकडे मी पुन्हा वळले ते ईस्टरच्या दिवशी.

त्या दिवशी उशीर झाला म्हणून आम्हाला चर्चमध्ये शेवटचा बाक मिळाला. समोर सगळ्या बायकांच्या माना. पाळक पुनरुत्थानावर बोलत होते आणि मी मोजत होते. ओपलचे केस डावीकडे वर चढलेले. तिच्या बहिणीचे तसेच. बँकेतल्या मार्जोरीचे तसेच. सात डोकी, सगळी एकाच बाजूला उतरलेली, वाऱ्याने कललेल्या कुंपणासारखी. आमच्या सेजहिल गावात केस कापणारी बाई एकच. या सातांपैकी एकीनेही तिला काही म्हटलं नसणार, हे मी ओळखलं, कारण मीही म्हटलं नव्हतं.

मग मला आठवलं की वेल्डा कुठे असते. ती चर्चमध्ये कधी बसत नाही. मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहते. म्हणजे आत्ता ती माझ्या मागे चार पावलांवर होती, आणि मला जे दिसत होतं ते तिलाही दिसत होतं. मला मान वळवायचं धैर्य झालं नाही.

“तुझं डोकं उताराला लागलंय,” घरी येताना माझा नवरा आर्डन म्हणाला.

“वाऱ्याने असेल.”

“सहा आठवडे एकाच बाजूने वाहतोय का वारा?”

वेल्डा ऑस्टबर्ग आमच्या समोर राहते, मध्ये फक्त खडीचा रस्ता. त्रेसष्ट वर्षांची, उंच, काटक. पूर्वी ती स्वयंपाकघरात केस कापायची. नवरा लाइल गेल्यावर त्याच्या रिकाम्या गॅरेजमध्ये तिने पार्लर हलवलं. एक खुर्ची, एक आरसा, आणि टोपासारखं डोक्यावर बसणारं केस वाळवायचं जुनं यंत्र. त्यातून बाहेर आलं की दुपारपर्यंत कान लाल राहतात.

तिला बसलेली मी चोवीस वर्षांत पाहिली नाही. जेवते ती ओट्याला टेकून. फोनवर बोलते ती खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत. माझ्याकडे कॉफीला आली की कप हातात घेऊन माझ्या फ्रिजवरचे सगळे कागद वाचून काढते. पाळकांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “दिवसभर उभं राहायची सवय. बसले की पायांना वाटतं मी मेले.”

चोवीस वर्षं म्हणजे लाइल गेल्यापासून. तो ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. त्या हिवाळ्यात त्याने कंपनी बदलली. जुन्या कंपनीचा विमा संपला होता आणि नव्या कंपनीचा एक फेब्रुवारीपासून लागू होणार होता. जानेवारीच्या शेवटी त्याच्या छातीत दुखायला लागलं. विम्याशिवाय इस्पितळात पाऊल ठेवलं की घरावर पाणी सोडायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. तो थांबला. सत्तावीस जानेवारीला, बूट घालता घालता, दारात कोसळला. विम्याचं कार्ड तीन फेब्रुवारीला टपालाने आलं. त्याच्या नावाचं, कोरं करकरीत.

ते कार्ड वेल्डाने आरशाच्या कोपऱ्यात खोचलं. तेव्हापासून केस कापून घेताना प्रत्येकीला आपल्या तोंडाशेजारी लाइलचं नाव दिसतं.

ईस्टरनंतर मी ठरवलं, बोलायचं. बोलले मेमध्ये. ती कॉफीला आली होती. मी कप दिला तर तिने उजवा हात खिशात ठेवून डाव्या हाताने घेतला. बशीत कॉफी सांडली.

“वेल्डा, हात दाखव.”

“काय ज्योतिष बघायला लागलीस की काय? पाळकांना सांगू?”

“दाखव.”

तिने हात टेबलावर ठेवला, उताणा. बोटं अशी हलत होती, जशी झोपेतल्या कुत्र्याचे पाय हलतात. दोघी त्याच्याकडे बघत राहिलो, जणू तो तिसऱ्याच कुणाचा होता.

“कधीपासून?”

“मार्च. कात्री धरली की कंप कमी होतो. ठेवली की सुरू.” मग माझ्या केसांकडे बघून म्हणाली, “आता तितका कमी होत नाही.”

“डॉक्टरला दाखव.”

“पासष्टी लागली की.”

आमच्या वयाच्या माणसांचं हे असं असतं. पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळतो, म्हणून साठीनंतर सगळे अंग सांभाळून असतात, शिडीवरून उतरताना दोनदा बघतात. गुडघे, मोतीबिंदू, गाठी, सगळं पासष्टीसाठी राखून ठेवलेलं. वेल्डाकडेही विमा आहे, पण तो स्वस्तातला. आधी तिने आपल्या खिशातून एवढं भरायचं की भरून होईपर्यंत ती उघड्यावर येईल, आणि मग तो तोंड उघडणार.

“वीस महिने राहिलेत, लोइस. वीस महिने हात नुसता जागेवर ठेवायचाय. आणि डॉक्टरने एकदा काही नाव लिहिलं की माझ्या हातात कात्री कोण देईल? तू कुणाला सांगणार नाहीस.”

“नाही.”

“आर्डनलाही नाही.”

“त्याला माझं डोकं दिसतं, वेल्डा.”

ती हसली. निघताना दारात वळून म्हणाली, “पुढच्या वेळी उजवीकडून सुरू करीन. बरोबरी होईल.”

ऑक्टोबरात मतदानाचं माहितीपुस्तक टपालाने आलं, आणि दोन आठवड्यांनी मतपत्रिका. आमच्या ओरेगनमध्ये मत देतात ते जेवणाच्या टेबलावर. गोल भरायचे, पाकीट बंद करायचं, पाकिटावर सही करायची, आणि टपालात किंवा ग्रंथालयाबाहेरच्या पेटीत टाकायचं. त्या वर्षी एक प्रस्ताव होता राज्यघटनेत भर घालायचा: परवडणारी, योग्य वैद्यकीय सेवा मिळणं हा इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, आणि ती मिळेल हे बघणं राज्याचं काम आहे.

वेल्डाने पुस्तकातलं ते पान फाडलं आणि आरशाला चिकटवलं, लाइलच्या कार्डाखाली. म्हणजे वाद तिथेच होणार हे ठरलं.

“घटनेत लिहून काय होणार?” ओपल टोपाखालून ओरडली. टोपाखाली बसलं की सगळेच ओरडतात. ओपल शाळेत पस्तीस वर्षं शिक्षिका होती. “पैसा कुठून आणायचा ते त्यात कुठेय? मी दोनदा वाचलं.”

“मी सात वेळा वाचलं,” वेल्डा म्हणाली. “नाहीये.”

“मग?”

“मग काय. लिहिलेलं असलं की त्याच्यावर बोट ठेवता येतं. नसलं की हवेत बोट नाचवत बसायचं.”

“आपण करतोच की एकमेकांसाठी. डंकनच्या पोरीच्या ऑपरेशनला अख्ख्या गावाने स्पॅगेटीचं जेवण घालून पैसे जमवले. तू स्वतः दहा पातेली उकळलीस.”

“हो. आणि डंकन दारात उभा राहून प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता. तीन तास. तू त्याचं तोंड पाहिलंस?”

माझ्या डोक्यावर कात्री चालू होती, म्हणून मी मान हलवली नाही. खरं म्हणजे मला काय वाटत होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. शेजाऱ्याला उचलून धरणं ही आपल्याला देवाची आज्ञा आहे. आज्ञा माझ्यावर आहे. तिचा हक्क करून शेजाऱ्याच्या हातात दिला, तर माझ्या हातात काय उरतं? हे मी रात्री आर्डनला विचारलं. तो म्हणाला, “तुझ्या हातात सूपचं पातेलं उरेल. झोप.”

कात्री माझ्या कानाच्या पाळीला लागली. थेंबभर रक्त. वेल्डाने कापूस दाबून धरला. आरशात ओपल बघत होती.

आता माझी चूक.

आमच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की पहिल्या बाईला फोन करायचा. ती दुसरीला करते, दुसरी तिसरीला. चौदा बायका, तासाभरात फेरी पूर्ण. ज्याला तपशील सांगायचा नाही त्याने ‘न सांगितलेली विनंती’ म्हणायचं. नाव विचारायचं नाही, नुसती प्रार्थना करायची. त्या रात्री कानाला पट्टी लावून मी तळमळत होते. वेल्डाला शब्द दिला होता, आणि गप्प बसणं मला पापासारखं वाटायला लागलं होतं. सकाळी ओपलला फोन केला, साखळीची सुरुवात तीच करते.

“न सांगितलेली विनंती आहे,” मी म्हटलं. “एका भगिनीच्या हातांसाठी.”

“हातांसाठी,” ओपल म्हणाली. “बरं.”

फोन ठेवल्यावर मला कळलं मी काय केलंय. सेजहिलमध्ये हातांवर पोट असलेली भगिनी एकच आहे.

चौदाव्या बाईपर्यंत विनंती पोचली तेव्हा तिला नाव होतं, आजार होता, आणि उरलेल्या आयुष्याचा अंदाजही होता. त्या आठवड्यात मार्जोरीची नात अचानक केस कापायला शिकली. ओपलच्या बहिणीने केस वाढवायचे ठरवले, एकाहत्तराव्या वर्षी. सगळ्या गोड बोलून रद्द करत होत्या. वेल्डाच्या गॅरेजसमोर तीन दिवस एकही गाडी थांबली नाही. माझ्या खिडकीतून मला ते दिसत होतं, आणि मी दिवसातून वीसदा खिडकीशी जात होते.

चौथ्या दिवशी ती आली. आत आली नाही. पायरीवर उभी राहिली.

“तू सांगितलंस.”

“मी नाव घेतलं नाही, वेल्डा. मी फक्त प्रार्थना...”

“देवाला सांगायचं होतं तर सरळ सांगायचंस. चौदा बायकांमार्फत कशाला? त्याला ऐकू येत नाही का?”

ती रस्ता ओलांडून गेली. तिच्या पावलांखाली खडी वाजत होती ती मला दार लावल्यावरही ऐकू येत होती.

निवडणूक आठ नोव्हेंबरला झाली. वेल्डाने पाकीट ग्रंथालयाबाहेरच्या पेटीत टाकल्याचं आर्डनने पाहिलं होतं. “टाकलं आणि पेटीला दोन थापा मारल्या,” तो म्हणाला, “घोड्याला मारतात तशा.” मतमोजणी दिवसेंदिवस चालली. तो प्रस्ताव काठावर होता. एकदा वर, एकदा खाली वाटायचं, मग शेवटी थोड्या मतांनी पार झाला. मी समोर बघितलं. मला वाटलं होतं वेल्डा काहीतरी करील, दिवा लावील, निदान बाहेर येईल. ती अंगणातल्या पानांचा ढीग इकडून तिकडे नेत होती. दुसऱ्या दिवशी तोच ढीग परत पहिल्या जागी.

थँक्सगिव्हिंग, टर्कीचा सण, आला आणि गेला. ती दरवर्षी आमच्याकडे जेवते, उभ्याने. या वर्षी आली नाही. मी तिच्या पायरीवर ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ताट माझ्या पायरीवर आलं, धुऊन.

अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, दुपारी ती मागच्या दाराने आली आणि माझ्या टेबलावर एक पत्र आपटलं.

“मला काउंटीच्या ऑफिसात जायचंय. उद्या शेवटचा दिवस आहे. घाटात बर्फ आहे आणि मला गाडीचं चाक नीट धरता येत नाही. तुला माफ केलंय असं समजू नकोस. तुझ्याकडे गाडी आहे.”

पत्र दोन आठवड्यांपूर्वीचं होतं. पाकिटावरची सही दप्तरातल्या सहीशी जुळत नाही, म्हणून मत मोजता येत नाही. सोबतच्या कागदावर सही करून उद्यापर्यंत पोचवली तर मोजू. तो कागद तिने आणलाच नव्हता.

“कुठेय तो?”

“वाया गेला.” तिने कोटाच्या खिशातून चर्चच्या पत्रकांची चळत काढली. प्रत्येकाच्या पाठीवर वेल्डा ऑस्टबर्ग, वेल्डा ऑस्टबर्ग. दोन आठवडे ती स्वतःची सही गिरवत होती. कुठेच ती नव्हती. सगळीकडे नुसती कंप पावणारी रेघ.

आर्डन पेपर खाली करून म्हणाला, “वेल्डा, तुझी बाजू जिंकली ना? आता एका मताने काय फरक पडणार?”

“प्रस्तावाला काही नाही पडणार.”

“मग?”

“माझं मोजलेलं नाही, आर्डन. पेपर वाच.”

मी सूप मंद आचेवर ठेवलं आणि निघालो. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, गाव एकतीस मैल. घाटात रस्ता काचेसारखा होता आणि मी विसाच्या वर गेले नाही. वेल्डाला गाडीत बसावंच लागतं, पण तिने पाठ सीटला टेकवली नव्हती. घाट उतरल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “लाइलने स्वतःहून ठरवलं नव्हतं.”

“काय?”

“थांबायचं. तो म्हणत होता, जाऊ या का. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. मी म्हटलं, पाच दिवस राहिलेत रे, पाच दिवस काढ. मी उठलेसुद्धा नाही खुर्चीतून.”

मी गाडी चालवत राहिले. काही सांगावं असं फार वाटलं. बायबलमधलं एक वचन जिभेवर आलंही होतं. मी ते गिळलं.

काउंटीच्या ऑफिसात काउंटरमागे तिशीची एक मुलगी होती, छातीवर नाव, मिरेया. तिने वेल्डाचा गाडीचा परवाना बघितला, काहीतरी शोधलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. डावीकडे एक सही होती, पुढे झुकलेली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. उजवीकडे पाकिटावरची.

“ही कुणाची?” वेल्डाने डावीकडे बोट दाखवलं.

“तुमची. एकोणीसशे नव्याण्णव सालची.”

“चांगली होती.”

“हो,” मिरेया म्हणाली. “फक्त पाकिटावरची हिच्याशी जुळत नाही. कुणी दुसऱ्याने केली का, एवढंच बघावं लागतं.”

“मीच केलीय. आरशाला टेकून.”

“मग नवीन नमुना द्या. आणि बघा, ज्यांना सही जमत नाही त्यांच्यासाठी शिक्क्याची सोय आहे. एक फॉर्म भरायचा...”

“मी काय पोस्ट ऑफिस आहे?”

मिरेया हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. तिने कागद पुढे केला. वेल्डाने पेन घेतलं. पेन कागदावर टेकायच्या आधीच टकटक वाजायला लागलं. मी पुढे झाले, तिच्या मनगटाखाली हात द्यायला.

“तुम्ही मागे व्हा, प्लीज,” मिरेया मला म्हणाली. “त्यांच्या हाताला हात लावायचा नाही.”

मी दोन पावलं मागे झाले. माझे हात मी पाठीमागे बांधून घेतले.

वेल्डाने एक कागद खराब केला. ती जुन्या सहीकडे बघून शेपूट काढू पाहत होती. शेपूट कागदाबाहेर गेली. दुसरा कागदही तसाच. मिरेयाने पडदा परत आपल्याकडे वळवला.

“मला तिच्यासारखी नकोय,” ती म्हणाली. “मला आजची हवी आहे. वाईट असली तरी चालेल. पुढच्या वेळी मला तीच बघून तुम्हाला ओळखायचंय.” मग हळूच म्हणाली, “माझ्या आजोबांचंही असंच होतं. काही झालंय का हाताला?”

वेल्डा जमिनीकडे बघत होती. आमच्या मागे कुत्र्याच्या परवान्यासाठी एक माणूस उभा होता. त्याला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, “थरथरतो. मार्चपासून. थांबत नाही.”

आणि तिने सही केली. शेपटीशिवाय. भूकंपमापकाने काढावी तशी, वर खाली, वर खाली. मिरेयाने ती तपासली, वर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाली, “झालं. तुमचं मत आता मोजणीत जाईल.”

“आज?”

“आज.”

बाहेर आल्यावर मला वाटलं आता गाडीकडे. वेल्डा उलट्या बाजूला चालायला लागली होती. दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना आहे, मी तिच्यामागे जवळजवळ पळत पोचले.

“आता सरकारी कागदावर आहेच हा कंप,” ती दार ढकलताना म्हणाली. “लपवायचा कुणापासून?”

काउंटरवरच्या बाईने विम्याचं कार्ड मागितलं, बघितलं, आणि चेहरा न बदलता सांगितलं की या कार्डावर बहुतेक सगळं तुम्हालाच भरावं लागेल. हप्त्यांचा अर्ज आहे, भरून बघा. आणि नवीन पेशंटसाठी पहिली वेळ सात फेब्रुवारी, मंगळवार, साडेदहा.

वेल्डाने अर्ज घेतला होता, तो खाली ठेवला.

“फेब्रुवारी नको.”

“त्याआधी काहीच नाही, मॅडम.”

“फेब्रुवारीची वाट मी एकदा पाहिलीय. आज द्या.”

“आज सगळं भरलेलं आहे. पाचला आम्ही बंद करतो.”

“यासाठी मत दिलंय मी,” वेल्डा म्हणाली. “मोजलं गेलंय. अर्ध्या तासापूर्वी.”

त्या बाईला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, या तुमच्याबरोबर आहेत का, अशा नजरेने. मी मान हलवली.

“मी ओरडायला आलेली नाही,” वेल्डा म्हणाली. “घाटात बर्फ आहे. कुणीतरी येणार नाही. त्याच्या जागी मला घ्या. मी बसते.”

आणि ती बसली.

भिंतीलगत निळ्या खुर्च्या होत्या. तिने मधली निवडली आणि पाठ टेकवली. उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. तो हलत होता. समोरची एक बाई बघत होती. वेल्डाने तिला बघू दिलं. मीच अस्वस्थ. मी उठले, पाणी प्यायले, बर्फाचं बघून आले, आर्डनला फोन करून सूप उतरवायला सांगितलं. परत आले तर ती तशीच बसलेली. सव्वातीन. पावणेचार. नावं पुकारली जात होती, माणसं आत जात होती, बाहेर येत होती. एकही जण यायचा राहिला नाही.

शेवटी मी तिच्या शेजारी बसले. तिला एक सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. माझ्या मतपत्रिकेवरचा त्या प्रस्तावाचा गोल मी रिकामाच सोडला होता. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. टेबलावर दहा दिवस ती पडून होती आणि शेवटी मी तशीच पाकिटात घातली, माझ्या सुबक सहीने. ती पहिल्या फटक्यात जुळली असणार.

“माझे केस बघ,” मी म्हटलं. “नोव्हेंबर संपला.”

“बघतेय मघापासून. ओपलकडून कापून घेतलेस का?”

“आर्डनने.”

“वाटलंच. कुंपणाची कात्री.”

हे माफ केल्याचं लक्षण आहे का, मला ठरवता आलं नाही. चार वाजून पस्तीस मिनिटांनी आतलं दार उघडलं आणि नर्सने हातातल्या कागदावरून वाचलं, “वेल्डा ऑस्टबर्ग?”

चोवीस वर्षं जी बाई कुणी हाक मारायच्या आत उभी असायची, ती लगेच उठली नाही. तिने आधी माझ्याकडे पर्स दिली. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून सावकाश उठली.

“तुझ्या साखळीला फोन करायचा नाही,” ती म्हणाली.

“नाही करत.”

दार तिच्यामागे बंद झालं. मी तिची पर्स मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघत बसले. सरळ देवाशी बोलायला बसले तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी चौदा जणींशिवाय क्वचितच काही मागितलंय. शब्द सापडेनात. मग मी नुसतं तिचं नाव घेतलं. आतून काहीच आवाज येत नव्हता.